अडीच टक्के अंधार

खंडेनवमीला आमच्या दुकानात कॅमेऱ्यांची पूजा असते. दोन बॉडी, चार लेन्स, फ्लॅश, वडिलांचा रोलवाला कॅमेरा, सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही अशी रीत. मी संध्याकाळी सातला त्यातला एक कॅमेरा आणि ३०० मिमीची लेन्स उचलली, लेन्सवरचं कुंकू ब्रशने झाडलं आणि गच्चीवर गेलो. "आजच्या दिवस तरी राहू द्यायचं की," बायको जिन्यातून म्हणाली. तिचं बरोबरच होतं. पण रात्री दहाच्या सुमाराला ६४ प्रकाशवर्षांवरचा एक ग्रह त्याच्या ताऱ्याच्या बरोबर मधोमध येणार होता, आणि पुन्हा माझ्या सोयीच्या वेळेला यायला त्याला २० दिवस लागणार होते.

मी लग्नाचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लग्नं नाहीत, त्यामुळे आषाढापासून पासपोर्ट फोटो आणि एखादं बारसं यावर दुकान चालतं. वेळ भरपूर, पैसा बेताचा. असल्या काळात माणूस काहीही करू शकतो.

वेड तसं जुनं. ८ जून २००४ ला शुक्र सूर्यासमोरून गेला तेव्हा मी शाळेत होतो. गल्लीतल्या वेल्डरकडून काळी काच मागून आणली आणि दुपारभर आळीपाळीने बघितलं. सूर्यावर मोहरी ठेवावी तेवढा तो ठिपका. त्याला अधिक्रमण म्हणतात हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं. आपल्या सूर्यासमोरून ग्रह जातो तसा दुसऱ्या ताऱ्यासमोरूनही जातो, आणि तो काही ताऱ्यांच्या बाबतीत साध्या कॅमेऱ्याने पकडता येतो, हे मात्र फार उशिरा समजलं. ठिपका दिसत नाही, ताराच जरासा मंद होतो, आणि तेवढी मंदी मोजायची.

पहिल्यांदा डोक्यात होता संतमस. २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं बारसं आलं होतं. ताऱ्याचं नाव विभा, शास्त्रज्ञ विभा चौधरींवरून, आणि ग्रह संतमस. आपला म्हणून त्यालाच धरू म्हटलं. पण त्याची कक्षा अशी कललेली आहे की आपल्याकडून बघताना तो ताऱ्याच्या आडवा येतच नाही. मग शोधत शोधत एचडी १८९७३३ वर आलो. नाव कसलं, गॅस कनेक्शनचा नंबर वाटतो.

पण तारा मोठा गमतीचा. खरं तर दोन तारे. मोठा नारिंगी, आपल्या सूर्यापेक्षा लहान. दुसरा तांबडा, अगदीच किरकोळ, मोठ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या २१६ पट लांब. आपल्याकडे नेपच्यून ३० पट अंतरावर आहे, त्यावरून अंदाज करा. या धाकट्याला एक फेरी मारायला सुमारे ३,२०० वर्षं लागतात. आणि नारिंगी ताऱ्याला अगदी खेटून, गुरूपेक्षा जरासा मोठा एक ग्रह २ दिवस ५ तासांत गिरकी मारतो. धाकट्या ताऱ्याची एक फेरी होते तोवर ग्रहाच्या सव्वापाच लाख होतात. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किलोमीटरवर आहे, हा ग्रह त्याच्या ताऱ्यापासून साडेसेहेचाळीस लाखांवर. २००५ मध्ये फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून तो सापडला. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीने सांगितलं की त्याचा रंग गडद निळा आहे. समुद्रबिमुद्र काही नाही, हजार अंशांच्या आसपासची हवा आणि तिच्यात काचेच्या जातीचे बारीक कण. २०२४ मध्ये वेब दुर्बिणीला तिथे हायड्रोजन सल्फाइड सापडला, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. एवढं सगळं ज्याच्याबद्दल माहीत आहे त्याला अजून कुणी साधं नाव दिलेलं नाही.

माझ्या दृष्टीने त्याचा मोठा गुण वेगळाच. ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या साधारण साडेसहाव्या हिश्श्याएवढा. म्हणजे तो समोर आला की ताऱ्याचा जवळपास अडीच टक्के प्रकाश अडतो. आपला गुरू सूर्यासमोर आला तर कसाबसा एक टक्का अडवेल. त्यामुळे हौशी माणसासाठी याच्याइतकं सोपं सावज क्वचित मिळतं. सोपं म्हणजे काय, तर आमच्या धंद्यात एक तृतीयांश स्टॉपचा फरक म्हणजे वीस टक्के उजेड. तेवढ्यावर नवरीकडचे कुरकुरतात. अडीच टक्के कुणाच्या बापाला दिसत नाहीत.

आकाश फिरतं, म्हणून कॅमेराही त्याच वेगाने फिरवावा लागतो. तयार यंत्र मिळतं, पण त्याच्या किमतीत माझी एक लेन्स येते. मी दोन प्लायच्या फळ्या बिजागरीने जोडल्या. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, खालच्या फळीतून आटेवाला रॉड वर काढायचा, आणि रॉड फिरला की वरची फळी हळूहळू उघडते. ६ मिमीच्या रॉडला एका फेऱ्यात १ मिमी चाल असते. तो बिजागरीपासून २२८.५ मिमीवर बसवला आणि मिनिटाला एक फेरा दिला, की फळी ताऱ्यांच्या गतीने उघडते. एवढा हिशोब जमला. मिनिटाला एक फेरा मारणारी मोटर मागवली तर खोक्यातून दहा फेऱ्यांची निघाली. ती परत करून दुसरी येईपर्यंत अकरा दिवस गेले.

तर खंडेनवमीची रात्र. सोलापुरातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश वर दिसतो, माझ्या गच्चीवरून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला अगदी घासून. नवमीचा चंद्र वर आलेला. डोक्यावर अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीचा तारा, हा मोठा त्रिकोण. श्रवणाच्या वर शर नावाचा चिमुकला तारकासमूह आहे, खरंच बाणासारखा. बाणाच्या टोकाच्या ताऱ्यापासून तीन अंश उत्तरेला सरकलं की डंबेल तेजोमेघ, चाचणी फोटोत हिरवट डागासारखा उमटतो. त्या डागाच्या पूर्वेला, पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्या रुंदीवर, आपला तारा. पहिल्यांदा पडद्यावर तो डाग आणि शेजारचा ठिपका दिसला तेव्हा मी एकटाच "आहे!" असं ओरडलो. खालून कुत्रं भुंकलं.

पुढची पायरी मला जड गेली. फोकस घालवायचा.

अठरा वर्षं मी पोट भरतोय ते फोकसवर. नवरीच्या पापण्या कडक आल्या पाहिजेत, मागचं मांडवाचं कापड विरघळलं पाहिजे. आणि इथे मुद्दाम लेन्सची रिंग फिरवून ताऱ्याचा बिंदू मोडायचा, पंधरा-वीस पिक्सेलची चकती करायची. कारण साधं आहे. तारा कडक असला की सगळा प्रकाश दोन-तीन पिक्सेलवर पडतो. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी नाहीतर निळी गाळणी. फळी केसाएवढी थरथरली की तारा हिरव्यावरून लालवर जातो आणि आकडा बदलतो. अडीच टक्क्यांची मोजणी तिथेच बुडाली. चकती मोठी केली की असले फरक एकमेकांत मुरतात. मी रिंग फिरवली, चकती झाली, बोटं आपोआप उलटी फिरवायला लागली. पुन्हा फिरवली. शेवटी रिंगवर चिकटपट्टी मारून टाकली, म्हणजे हात शिवशिवला तरी उपयोग नाही.

पावणेआठ ते पावणेबारा, प्रत्येकी तीस सेकंदांचे फोटो. दर चाळीस मिनिटांनी रॉड उलटा गुंडाळून फळी मिटायची आणि तारा पुन्हा चौकटीत आणायचा, कारण रॉड सरळ आणि फळी गोल उघडते, त्यामुळे वेळ जाईल तसा वेग चुकत जातो.

दोन दिवस बसून फोटो मोजले. रॉ फायलींतला फक्त हिरवा भाग घ्यायचा, आपल्या ताऱ्याच्या चकतीतला प्रकाश मोजायचा आणि आसपासच्या चार ताऱ्यांच्या बेरजेने भागायचा. विरळ ढग आला, धूळ आली, तर सगळ्यांवर सारखीच येते, भागाकारात उडून जाते. अॅस्ट्रोइमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे सगळं करतं. आलेख आला तो करवतीसारखा. प्रत्येक वेळी फळी मिटून उघडली की एक दात. दात तीन-चार टक्क्यांचे, त्यात अडीच टक्क्यांची खोक कुठे शोधायची? ताऱ्याची जागा सेन्सरवर बदलली की लेन्सच्या कडेचा अंधारही बदलतो. सपाट उजेडाचे फोटो काढून त्यांनी भागायचं असतं, म्हणजे तो निघून जातो, आणि ते काढायला मी विसरलो होतो. लग्नात फेरे विसरण्यासारखं आहे हे.

रॉडचं काम केलं होतं पूर्वभागातल्या अण्णांनी. यंत्रमागाचे सुटे भाग लेथवर करून देणारा माणूस, घरात तेलुगू, दुकानात आमचं सोलापुरी मराठी. त्यांच्यासमोर फळी उघडून दाखवली, दातांचा आलेखही मोबाइलवर दाखवला. आलेखाकडे त्यांनी बघितलंच नाही. फळी दोनदा उघडझाप केली आणि म्हणाले, "काय ओ फोटोवाले, फळी गोल जाऊलाली, तुम्ही रॉड सरळ घालूलालाव. रॉडला पण गोल करा की."

हे पुस्तकात असतं म्हणे. मी वाचलं नव्हतं, त्यांनीही नाही.

प्लायच्या तुकड्यावर त्यांनी खिळा आणि दोऱ्याने २२८.५ मिमीचा कंस काढला. मग रॉड एका लोखंडी पाइपवर टेकवून दोन्ही हातांनी थोडा दाबायचा, कंसावर ठेवून बघायचा, बोटभर पुढे सरकवायचा, पुन्हा दाबायचा. हातोडा नाही. हातोड्याने आटे चेपतात. दर दोन-तीन दाबांनंतर नट चढवून टोकापर्यंत फिरवून बघायचे. एके ठिकाणी नट अडला तर त्यांनी तोंडाने "च्च" केलं आणि तेवढाच भाग अंगठ्याने उलटा सोडवला. तासाभराने नट या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या बोटाच्या टिचकीने जात होता. आता रॉड फिरणार नव्हता, नट फिरणार होता, म्हणून तो जुन्या प्रिंटरच्या दातेरी चाकात दाबून बसवला. पैसे विचारले तर म्हणाले, "ग्रहाचा फोटो आला की आणून दाखवा." दाखवायला तसा काही फोटो नसणार, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

पुढचं सोयीचं अधिक्रमण २० दिवसांनी. हिशोब असा की २० दिवसांत ग्रहाच्या ९ फेऱ्या होतात आणि पाऊण तास शिल्लक उरतो, म्हणून तीच घटना दर २० दिवसांनी पाऊण तास अलीकडे येते. मधली बाकीची दिवसा किंवा संधिप्रकाशात तरी होतात, नाहीतर तारा फार खाली गेल्यावर किंवा मावळल्यावर. वीस दिवसांनी नेमकं लक्ष्मीपूजन. रात्री सव्वानऊला अधिक्रमणाचा मध्य, दुकानात पूजा, आकाशात फटाक्यांचा धूर. तो विषय मी घरात काढलासुद्धा नाही.

तिसरं त्यानंतर वीस दिवसांनी, रात्री ८ वाजून २६ मिनिटांनी त्याचा मध्य. यानंतर तारा संध्याकाळी खाली खालीच जात राहणार, म्हणजे हा हंगाम जवळजवळ संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी जुळे सोलापुरात हळदीची ऑर्डर, हंगामातली पहिली. दुपारीच नान्नजच्या पुढे मामांच्या शेतावर गेलो. बार्शी रोडला, शहराचा झगमगाट तिथून दक्षिणेला राहतो. मामांची द्राक्षबाग. ऑक्टोबरची छाटणी होऊन नवी फूट आलेली, त्यामुळे फवारणीचे दिवस. वस्तीवरचा बल्ब बंद ठेवायला मामा तयार झाले. मामींनी अंधारातच कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही आणून दिलं. सूर्यास्तानंतर आकाश एकसारखं उजळ असतानाच लेन्सवर पांढरं धोतर ताणून सपाट उजेडाचे चाळीस फोटो काढले. यावेळी विसरलो नाही.

पावणेसातला सुरुवात. अंदाजाप्रमाणे ७ वाजून ३२ मिनिटांनी ग्रहाची कड ताऱ्याच्या कडेला लागायची होती. मी पडद्याकडे टक लावून बसलो, ७:३२ झाले, ७:४० झाले. काहीही नाही. तीच राखाडी चकती, आधीसारखीच. हे माहीत असूनही वाईट वाटलं.

"काय करूलालास रे तिथं?" मामा शेंगा घेऊन आले. त्यांना सांगितलं, आत्ता या क्षणी तिथे ग्रह आडवा आहे.

"दोन सूर्य म्हणालास ना? मग दोनदा दिवस उगवत आसंल."

तसं नाही. धाकटा तारा एवढा लांब आणि एवढा मंद की त्या ग्रहावरून तो नुसता तांबडा ठिपका दिसेल. माझ्या हिशोबाने आपल्या शुक्रापेक्षा ठळक, पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा पुष्कळ फिका. आकाशात तो मोठ्या ताऱ्यापासून ११ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) दूर आहे, माझ्या फोकस घालवलेल्या चकतीत तो आतच कुठेतरी गडप. जोडप्याच्या फोटोत एकाचाच चेहरा.

पण म्हणून तो बिनकामाचा असेलच असं नाही. गुरूएवढे ग्रह ताऱ्याला इतके चिकटून जन्मत नाहीत असं बहुतेक तज्ज्ञ मानतात, लांब जन्मून आत येतात. आत कसे येतात याच्या दोन-तीन तऱ्हा सांगतात. त्यातली एक अशी, की लांबचा जोडीदार तारा लाखो वर्षं हळूहळू ओढत ग्रहाची कक्षा लांबट करतो, मग ग्रह दर फेरीला मोठ्या ताऱ्याच्या फार जवळून जातो, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने शेवटी तिथेच गोल फिरायला लागतो. मात्र अशा ओढाताणीत कक्षा सहसा तिरकी होते, आणि या ग्रहाची कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी जवळपास समांतर आहे. म्हणजे धाकट्यावर आळ घ्यायला पुरावा कमी पडतो. मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बांधावरच्या भांडणासारखंच की. लांबच्यानं ढकललं का आपणच सरकला, कोण सांगणार?"

पावणेनऊला शेजारच्या बागेतला ब्लोअर सुरू झाला. ट्रॅक्टरचे दिवे पाच-सहा वेळा फळीवरून फिरले, तेवढे फोटो वाया. पुढे जाऊन दिवे बंद करा म्हणणार तरी कसं, फवारणी चुकली तर द्राक्ष जातं. नऊ वीसला अधिक्रमण संपायला हवं होतं. दहाला तारा पश्चिमेला खाली गेला आणि पूर्वेला उशिराचा चंद्र यायच्या बेतात होता, तेव्हा बंद केलं. अण्णांचा रॉड तीन तासांत एकदाही अडला नव्हता.

घरी येऊन लॅपटॉप उघडला तेव्हा साडेअकरा झाले होते. ३५० च्या आसपास फोटो, मोजायला बराच वेळ लागला. ठिपके डावीकडून एकेक उमटत गेले. आधी सपाट, म्हणजे सपाट म्हणायचं, प्रत्यक्षात मुंग्यांची रांग. मग रांग खाली वळली. मी मागे टेकलो नाही, श्वासही घेतला नसेल. खाली जाऊन ती बऱ्यापैकी आडवी चालली, मध्ये ट्रॅक्टरच्या दिव्यांची फट, आणि पुन्हा वर आली. दहा-दहा मिनिटांची सरासरी काढली तेव्हा खोली आली २.३ टक्के. उजव्या टोकाला रांग जरा तिरकी, तारा खाली गेल्याचा परिणाम. बायकोला उठवलं. तिने डोळे चोळत बघितलं आणि म्हणाली, "खड्डा आहे."

खड्डाच होता. पण एक गोष्ट खटकली. खड्ड्याचा मध्य ८:२६ ला यायला हवा, माझा आला ८:३० ला. चार मिनिटं उशीर. तीनदा मोजलं, तीनदा तेच. अधिक्रमण ठरल्या वेळेपेक्षा पुढेमागे होत असेल तर तिथे आणखी एखादा ग्रह ओढ देत असू शकतो, असे ग्रह या पद्धतीने ओळखलेही गेले आहेत. रात्री अडीच वाजता सोलापुरात एका माणसाला झोप येईना, कारण त्याला वाटत होतं की आपण एक नवा ग्रह शोधलाय. नावाचाही विचार झाला. तो इथे सांगत नाही.

सकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखी, तसाच हळदीला गेलो. रिंगवरची चिकटपट्टी तेवढी काढली. मांडवात उखळ-मुसळ मांडलेलं, सुवासिनी पाटाभोवती, नवरदेव उघड्या अंगाने थंडीत कुडकुडत बसलेला. गुरुजींनी हळदीचा मुहूर्त ७ वाजून ४१ मिनिटांचा काढला होता. मी जागा धरून कॅमेरा डोळ्याला लावला, पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं आणि म्हणालो, "गुरुजी, सात एकेचाळीस झाले की."

गुरुजींनी स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. सात सदतीस.

"चार मिनिटं थांबा," म्हणाले.